बैठक क्रमांक आणि आईचं नाव

१३ मे २०२५, दुपारचा एक वाजला आणि दहावीचा निकाल उघडला. मंडळाचं संकेतस्थळ दोनच गोष्टी विचारतं, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. नाव हॉल तिकिटावर छापलंय तस्संच, इंग्रजी अक्षरांत. गोल चकती फिरत राहते, पान अर्ध्यात अडकतं, मागून कुणीतरी ‘अगं, रिफ्रेश कर’ म्हणून ओरडतं आणि मग एकदाचे गुण दिसतात. त्या वर्षी साडेपंधरा लाखांच्या आसपास मुलं परीक्षेला बसली होती. ९४.१० टक्के पास झाली.

पुढच्या तासाभरात त्या पानाचा स्क्रीनशॉट घराबाहेर पडतो. आधी बाबांच्या स्टेटसवर, मग मामाच्या, मग सोसायटीच्या ग्रुपवर, मग क्लासच्या इन्स्टाग्राम पानावर. त्या एका चित्रात मुलीचं पूर्ण नाव असतं, म्हणजे मराठी रीतीप्रमाणे वडिलांचं नाव आणि आडनावही आलं. बैठक क्रमांक असतो. आईचं नाव असतं. कुलूप आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगून दिलेल्या. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर मुलीचा फोटो, शाळा, टक्केवारी, चौकातल्या तरुण मंडळाचं नाव आणि शुभेच्छुकांच्या रांगेत काकांचा मोबाईल नंबर.

यात कुणाच्या मनात पाप नसतं. पेढे वाटावेत तसा निकाल वाटला जातो. पण हीच मुलगी आठवी-नववीत असताना शाळेच्या सभागृहात सतरंजीवर बसून सायबर सुरक्षेचं व्याख्यान ऐकून आलेली असते. ‘आपली वैयक्तिक माहिती कुणालाही देऊ नका’ हे वाक्य तिने वहीत उतरवून घेतलेलं असतं. तिने ते पाळलंही असेल. माहिती दिली ती घरच्यांनी, क्लासने आणि चौकातल्या मंडळाने.

सोशल मीडियावरचा खासगीपणा मुलांना कसा शिकवायचा, या प्रश्नाची खरी अडचण इथूनच सुरू होते. शिकवणारे हात स्वच्छ नाहीत.

*

मराठीत ‘प्रायव्हसी’ला रोजच्या बोलण्यातला शब्द सापडत नाही. ‘गोपनीयता’ म्हटलं की लाख लावलेला सरकारी लिफाफा डोळ्यांपुढे येतो, ‘खासगी’ म्हटलं की खासगी बस. होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ हे राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचं खातं होतं, राज्याच्या ‘दौलती’पासून वेगळं. इंदूरच्या खासगी ट्रस्टच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. म्हणजे खासगी असणं ही वाड्यातली चैन. दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या घरात पोराने दाराला कडी लावली की ‘आत काय चाललंय रे?’ ही हाक ठरलेली. आलेलं पत्र ज्याच्या हाती पडेल त्याने फोडायचं, हे तर मागच्या पिढीत सगळीकडेच चालायचं. अशा घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला ‘तुझी प्रायव्हसी जप’ म्हणून सांगणं म्हणजे कधी न चाखलेल्या पदार्थाची पाककृती देण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. आजोबांनी नातीचा मोबाईल उघडून पाहण्याशी त्या निकालाचा काही संबंध असावा, अशी शंकाही आपल्याकडे कुणाला येत नाही.

शाळांचंही तसंच. २०२० च्या टाळेबंदीत वर्गावर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले, ते आजतागायत चालू आहेत. अशा ग्रुपवर प्रत्येक पालकाला बाकीच्या सगळ्या पालकांचे नंबर दिसतात, डीपी दिसतात, आणि बऱ्याच डीपींवर मूलच असतं. स्नेहसंमेलनातल्या नाचाचे व्हिडिओ शाळेच्या फेसबुक पानावर जातात. शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीतले फोटो नाव-इयत्तेसह जातात. फी न भरलेल्यांची यादी ग्रुपवर टाकणारी शाळाही विरळा नाही. सरकारही मागे नव्हतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फर्मान काढलं की जानेवारीपासून दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून शिक्षकांनी त्यांच्यासोबत सेल्फी काढावा आणि तो ‘सरल’ प्रणालीवर चढवावा. हेतू चांगला होता, मुलांची गळती थांबावी. शिक्षकांनी विरोध केला, तेव्हा तो निर्णय स्थगित झाला. गावात रेंज नाही, नेट पॅकचे पैसे कोण देणार, या तक्रारी त्यात होत्या आणि त्या रास्तच होत्या. फोटो ज्यांचे निघणार होते त्या मुलांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही.

*

मुलांच्या हातात फोन किती आहे, याचा अंदाज ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर २०२४’ या पाहणीतून येतो. ही पाहणी ग्रामीण भारताची. १४ ते १६ वयोगटातल्या जवळजवळ ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांहून जास्त जणांना तो वापरता येतो. पाहणी करणाऱ्यांनी नुसतं विचारलं नाही, करूनही घेतलं. अमुक वेळेचा गजर लाव, एक माहिती शोधून दाखव, यूट्यूबवर हा व्हिडिओ शोध आणि मेसेजमधून पाठव. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुलं ५७ टक्के निघाली, सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के.

त्याच्या पुढचे आकडे या लेखाच्या कामाचे. सोशल मीडिया वापरणाऱ्या या मुलांपैकी ६२ टक्क्यांना एखादं प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं ते माहीत होतं. पासवर्ड बदलणं ५७.७ टक्क्यांना माहीत होतं, प्रोफाइल प्रायव्हेट करणं ५५.२ टक्क्यांना. उलट बाजूने वाचलं तर शंभरातल्या पंचेचाळीस मुलांची खिडकी उघडी आहे आणि ती लावायची कशी हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही. ज्यांना दाखवलं त्यांना कुणी दाखवलं, हे पाहणी सांगत नाही. बहुतेक वेळा मित्राने. शाळेत हा भाग नसतो. शाळेत भाषण असतं.

आणि ते भाषण बहुधा भीतीचं असतं. हे कसं घडतं, याचा सगळ्यात ठळक नमुना २०१७ मधला. जुलैअखेर मुंबईतल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर ‘ब्लू व्हेल’ या कथित खेळाची बातमी देशभर पसरली. पन्नास दिवस, पन्नास कामगिऱ्या, शेवटची म्हणजे आत्महत्या. शाळांनी पालकांना पत्रकं पाठवली, प्रार्थनेनंतर सूचना झाल्या, चॅनेलांवर मुलांच्या मनगटावरच्या ओरखड्यांची छाननी झाली. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की तज्ज्ञ समितीने प्रकरणं तपासली आणि त्यांपैकी एकाही घटनेत या खेळाचा सहभाग सिद्ध झाला नाही. हे उत्तर कोणत्याही शाळेत प्रार्थनेनंतर वाचून दाखवल्याचं ऐकिवात नाही. मुलांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की मोठ्या माणसांना मोबाईलमधलं काही कळत नाही आणि ती लगेच घाबरतात.

घाबरलेल्या माणसाला मूल काही सांगायला जात नाही.

३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत राज्य पोलिस मुख्यालयात सायबर जागृती महिन्याचं उद्घाटन झालं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते आणि पाहुणे होते अभिनेते अक्षय कुमार. त्यांनी आपल्या घरातला प्रसंग सांगितला. त्यांची शाळकरी मुलगी अनोळखी खेळाडूसोबत ऑनलाइन गेम खेळत होती. समोरच्याने आधी मुलगा की मुलगी ते विचारलं. उत्तर मिळाल्यावर पुढची मागणी नग्न फोटोंची होती. मुलीने सगळं बंद केलं आणि जाऊन आईला सांगितलं. मग अक्षय कुमार यांनी मुख्यमंत्र्यांना विनंती केली की सातवी ते दहावीच्या वर्गांना दर आठवड्याला एक सायबर तास असावा.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत नटाची मुलगी आणि ती मागणी होती. या हकिगतीतला शिकवण्याजोगा भाग मधल्या तीन शब्दांत आहे, ‘जाऊन आईला सांगितलं’. असं सांगण्याची किंमत त्या घरात फार मोठी नव्हती, असं मानायला हरकत नाही. बहुतेक घरांत ती असते. मुलगा बोलला की फोन जातो. मुलगी बोलली की फोनवर भागत नाही. क्लास बंद, मैत्रिणीकडे जाणं बंद, ‘तूच काहीतरी केलं असशील’ हे वाक्य वर्षभर पुरतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली मुलांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांची देशभरातली नोंद १,८२३ आहे. ‘असर’मधले टक्के शेजारी ठेवून हा आकडा पाहिला की गुन्हे कमी आहेत असा निष्कर्ष कुणी काढणार नाही.

*

तर तास ठेवायचा. पण त्या तासात करायचं काय?

चांगली सुरुवात एका फोटोपासून होऊ शकते. कुणा खऱ्या मुलाचा नव्हे, शिक्षकाने मुद्दाम तयार केलेला. समजा, सातवीतला मुलगा नव्या सायकलवर बसलाय, मागे घर. वर्गाला एकच काम द्यायचं. या मुलाला तुम्ही ओळखत नाही, तर तो उद्या कुठे भेटेल ते शोधा. मुलं पाच मिनिटांत पोलिसांना लाजवतात. दारावरची पाटी वाचतात, आडनाव मिळतं. शर्टाच्या खिशावरचा बॅज मोठा करून शाळा काढतात. मागे पाण्याची टाकी आणि बँकेचा फलक दिसतो, म्हणजे चौक कळला. खाली ओळ आहे, ‘रोज पाचला ग्राउंड’. आणि एका मित्राला टॅग केलंय, त्याचं अकाऊंट उघडं आहे. ‘वैयक्तिक माहिती देऊ नका’ या वाक्याला इथे पहिल्यांदा हातपाय फुटतात. मुलाने पत्ता कुठेच लिहिलेला नव्हता.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण मुलं तो विचारतातच. मोबाईलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये, लोकेशन चालू असेल तर, जागेचे अक्षांश-रेखांशही साठतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सोबत जाते. दर्जा खराब होऊ नये म्हणून फोटो डॉक्युमेंट करून पाठवण्याची सवय बऱ्याच जणांना असते.

मग सेटिंग. हे फळ्यावर शिकवता येत नाही, हातात फोन लागतो, आणि शाळेत फोनला बंदी असते. पोहणं शिकवायचं पण पाण्याला हात लावायचा नाही, असा हा प्रकार. शिक्षकाचा एक फोन प्रोजेक्टरला जोडला तरी भागतं. अकाऊंट प्रायव्हेट करणं दोन-तीन टिचक्यांचं काम आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रायव्हेट अकाऊंट आणि आठशे फॉलोअर, याला खासगी म्हणायचं तर यात्रेलाही घरगुती समारंभ म्हणावं लागेल. प्रायव्हेट केल्यावरही डीपी, नाव आणि बायो सगळ्या जगाला दिसतात, आणि बायोत शाळेचं नाव, गावाचं नाव आणि ‘विश मी ऑन’ करून वाढदिवसाची तारीख असते. तीच तारीख मागे नाव लावून पासवर्डही असते. स्नॅपचॅटवरचा नकाशा तर बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतो. २०१७ पासून त्या अ‍ॅपमध्ये मित्र आत्ता कुठे आहेत ते नकाशावर दिसण्याची सोय आहे. त्यातून नाहीसं व्हायचं तर ‘घोस्ट मोड’ चालू करावा लागतो. स्ट्रीक टिकवायला रोज स्नॅप पाठवणाऱ्या मुलाला हा मोड कुठे सापडतो ते दाखवणं, हा अर्धा मिनिटाचा धडा आहे.

जन्मसालाचा धडा जरा अवघड जातो, कारण तिथे खोटं बोलल्याची कबुली द्यावी लागते. इन्स्टाग्रामला १३ वर्षं पूर्ण लागतात. पाचवीतल्या मुलाला अकाऊंट हवं असतं, म्हणून तो, किंवा त्याची ताई, किंवा खुद्द बाबा, चाक फिरवून साल मागे नेतात. २००० हे गोल साल बोटाला बरं सापडतं. मेटा कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये काही देशांत आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात किशोरवयीनांसाठी ‘टीन अकाऊंट’ आणली. ती आपोआप प्रायव्हेट असतात, अनोळखी माणूस त्यात मेसेज पाठवू शकत नाही आणि सोळाच्या आतल्या मुलाला ही बंधनं सैल करायची तर पालकाची परवानगी लागते. पण यंत्राच्या लेखी २००० साली जन्मलेला हा पाचवीतला मुलगा आज पंचविशी ओलांडलेला बाप्या आहे. त्याला कुंपण लागूच होत नाही. जन्मसाल चुकवणाऱ्याला तासात चोर ठरवायचं नसतं. खोट्या सालाने कोणतं दार उघडं राहिलं, तेवढं दाखवायचं.

हे धडे कुणी द्यावेत, यावर पुण्यात एक बरा मार्ग निघाला आहे. क्विक हील फाउंडेशनच्या उपक्रमात कॉलेजची मुलं प्रशिक्षण घेतात आणि शाळाशाळांत जाऊन मराठीतून बोलतात. वीस वर्षांचा दादा ‘माझं पण अकाऊंट हॅक झालं होतं’ म्हणाला की वर्ग सावरून बसतो. पन्नाशीच्या सरांनी तेच वाक्य म्हटलं तर मागच्या बाकावर हसू फुटतं. मुंबईत ‘अर्पण’, ‘रती फाउंडेशन’, ‘रिस्पॉन्सिबल नेटिझम’ या संस्थाही याच क्षेत्रात काम करतात. बालकांच्या लैंगिक सुरक्षेचं शिक्षण आणि ऑनलाइन सुरक्षेचं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, ही जाण त्यातल्या काहींच्या कामामागे आहे.

*

व्याख्यानातला खलनायक नेहमी अनोळखी असतो. हुडी घातलेला, चेहरा काळोखात, समोर हिरवी अक्षरं. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा वर्गातलाच निघतो. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका बड्या शाळेतली १३-१४ वर्षांची आठ मुलं निलंबित झाली, ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांमुळे. विषय होता वर्गातल्याच मुली, आणि भाषा बलात्काराची. मे २०२० मध्ये दिल्लीत ‘बॉइज लॉकर रूम’ नावाचा इन्स्टाग्राम ग्रुप उघडकीला आला. शाळकरी मुलं ओळखीच्या मुलींचे फोटो टाकून शेरे मारत होती. फोटो मुलींनी स्वतःच्या अकाऊंटवर, मैत्रिणींसाठी टाकलेले. ते उचलणारा हात फॉलोअरचा, म्हणजे ‘ओळखीच्या’चाच होता.

दिल्लीच्या प्रकरणाला शेपूट आहे, आणि ते वर्गात सांगायलाच हवं. ग्रुपच्या स्क्रीनशॉटसोबत बलात्काराचा कट रचणाऱ्या स्नॅपचॅट संवादाचाही स्क्रीनशॉट देशभर फिरला. पोलिसांनी तपास केला तेव्हा निघालं की त्या संवादाचा ग्रुपशी संबंध नव्हता. एका मुलीनेच मुलाच्या नावाने खोटं अकाऊंट उघडून दुसऱ्या मुलाची परीक्षा पाहायला तो मेसेज पाठवला होता. तोवर लाखो लोकांनी, भल्या हेतूने, तो पुढे ढकललेला होता.

अंगठा दाबण्याची किंमत महाराष्ट्राला त्याआधीच कळली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर नाराजी लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. पोलिसांनी दोघींना अटक केली. त्याआधी जमावाने एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली होती. पुढे दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले. ज्या कलमाचा आधार घेतला ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ‘६६-अ’ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. आजच्या नववीतल्या मुलांना ही गोष्ट माहीत नसते, तेव्हा ती तान्ही होती. त्यांना सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘नुसतं लाइक केलं तरी?’ या प्रश्नावर अख्खा तास निघतो, आणि तो काढावा. सुरक्षेच्या नावाखाली मुलांना गप्प बसायला शिकवणं सोपं आहे. मत मांडणं हा त्यांचाही हक्क आहे.

*

आणि तरीही फोटो गेला तर? व्याख्यानं या प्रश्नाशी येऊन संपतात, शेवटच्या स्लाइडवर सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनचा १९३० हा नंबर लावून. खरं तर धडा इथे सुरू व्हायला हवा, कारण पहिल्या तासाभरात मूल एकटं असतं आणि जवळजवळ सगळं चुकीचं करतं.

पहिली चूक पैसे देणं किंवा आणखी एक फोटो देणं, ‘एवढाच दे, मग बाकीचे डिलीट करतो’ या वचनावर. मागणारा थांबत नाही, देणारा सापडलाय हे त्याला कळलेलं असतं. दुसरी चूक घाबरून सगळं चॅट उडवणं. धमकी, वेळ आणि समोरच्याच्या प्रोफाइलची लिंक ठेवायची. नुसतं नाव लिहून ठेवून उपयोग नाही, कारण नाव तो मिनिटात बदलतो. तिसरी चूक मोठी माणसं करतात. मुलगी धीर करून बाईंकडे येते आणि बाई ‘पुरावा’ म्हणून तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागवतात, मग मुख्याध्यापकांना दाखवायला पुढे पाठवतात. अठराच्या आतल्या मुलाचं असं चित्र बाळगणं आणि पाठवणं हा पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. असं साहित्य फोनमध्ये ठेवणंही गुन्ह्यात मोडतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा ठणकावलं. ग्रुपवर आलेली क्लिप ‘मी काढली नाही, फक्त ठेवली’ म्हणणाऱ्या अकरावीच्या मुलालाही हे माहीत असायला हवं. बाईंनी करायचं ते एवढंच, फोटो न बघता ऐकायचं आणि पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवायचं. कळवणं त्यांच्या मर्जीवर नाही.

चित्र पसरण्याआधी अडवण्याची एक सोयही आहे, आणि ती आपल्या शाळांत फार कमी जणांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही सेवा अठराच्या आत काढलेल्या फोटोंसाठी आहे. प्रौढांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची तशीच सेवा डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. गंमत अशी की फोटो कुणालाच द्यावा लागत नाही. फोनवरच त्या फोटोचा अंकी ठसा तयार होतो, अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ, आणि फक्त ती माळ पुढे जाते. सहभागी कंपन्या, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्राम आहेत, आपल्याकडच्या चित्रांचे ठसे त्याच्याशी ताडून पाहतात. ठशावरून चित्र पुन्हा तयार करता येत नाही. मर्यादाही आहेत. फोटो कापला किंवा बदलला तर ठसा बदलतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कुलूपबंद संवादात ही यंत्रणा पोचत नाही.

फोनवरून बोलायचं तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८. हा नंबर मुंबईचं अपत्य आहे. १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतून रस्त्यावरच्या मुलांसाठी तो सुरू केला, पुढे देशभर गेला आणि आता सरकार चालवतं. मुलाला स्वतः फिरवता येतो, पालकाची सही लागत नाही.

*

हे सगळं शिकवण्यापेक्षा फोनच बंद करावा, असा विचार करणारेही आहेत. ऑस्ट्रेलियाने सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियावर अकाऊंट ठेवायला मनाई करणारा कायदा केला, तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्येच अठराच्या आतल्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला होता. म्हणजे पुसद तालुका कॅनबेराच्या तीन वर्षं पुढे. सांगलीच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने ऑगस्ट २०२२ मध्ये निराळी युक्ती काढली. संध्याकाळी सातला गावच्या देवळावरून भोंगा वाजतो, घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, साडेआठला पुन्हा चालू. वडगावची युक्ती बांशीच्या ठरावाहून शहाणी वाटते, कारण त्या दीड तासात मोठ्यांचेही फोन बंद असतात.

केंद्राच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, त्यांचा माग काढायचा नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली आहे. कागदावर हे भक्कम आहे. प्रत्यक्षात ओटीपी येतो बाबांच्या फोनवर आणि तो वाचतं मूल, कारण बाबांना त्या पडद्यावरचं इंग्रजी नीट लागत नाही आणि घरातली सगळी अ‍ॅप मुलानेच टाकून दिलेली असतात. संमती देणारा आणि मागणारा एकच.

राज्यातल्या शाळांत २०२२ पासून मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमायच्या आहेत, तक्रारपेट्या त्याआधीपासून आहेत. काही पेट्या मुख्याध्यापकांच्या दाराशेजारीच लावलेल्या असतात, येता-जाता सगळ्यांना दिसतील अशा. त्यात चिठ्ठी टाकायला हात पुढे कसा होणार?

बालसुरक्षेच्या वर्गांत एक जुना खेळ आहे, त्याला प्रोजेक्टर लागत नाही. मुलांनी वहीच्या पानावर डावा पंजा ठेवायचा, पेन्सिलने बाह्यरेषा काढायची आणि प्रत्येक बोटावर एकेका माणसाचं नाव लिहायचं, काही झालं तर ज्याला सांगता येईल असा माणूस. सायबर तासात प्रश्न थोडा बदलतो: ज्याला सांगितल्यावर तो आधी फोन काढून घेणार नाही, असा माणूस. वर्ग एकदम शांत होतो. अंगठ्यावर बहुतेक जण आईचं नाव लिहायला घेतात, आणि काही पेन्सिली तिथेच अडतात. कुणी आत्याचं लिहितं, कुणी ट्यूशनच्या ताईचं. कुणी शेजारच्या बाकावर डोकावून बघतं, त्याने किती बोटं भरली ते. बाईंनी ही पानं गोळा करायची नसतात, तपासायचीही नसतात. घंटा झाली की मुलं वह्या मिटतात आणि दप्तरात टाकतात.